ग्रीसचे प्राचीन अवशेष गाडी-ड्रायव्हर घेऊन बघायचे असतील तर

मायसिनी या प्राचीन ग्रीक गडाच्या सिंहद्वारासमोर मी दोनदा उभी राहिले आहे. पहिल्या खेपेला सकाळचे साडेअकरा वाजले होते. पुढे तीन बसमधली माणसं, मागे दोन बसमधली, वर तळपतं ऊन. दारावरच्या सिंहांचा एक फोटो मिळाला, बाकी काही नाही. दुसऱ्या खेपेला आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दारात फक्त आम्ही सहा जण होतो. तेव्हा मान वर करून सावकाश बघता आलं. दारावर आडवा बसवलेला तो अखंड दगड जवळपास वीस टनांचा आहे. त्याच्या खालच्या अंगाला गोल खळगे आहेत, लाकडी दाराचे खुंट त्यात फिरायचे. बाजूच्या उभ्या दगडांत अडसर सरकवायची भोकं आहेत, आपल्या गडांच्या दरवाज्यांना असतात तशीच. दरवाजा इ.स.पू. १२५० च्या सुमाराचा. पण ते अडसराचं भोक बघितलं की रोज रात्री कोणीतरी तो आतून लावत होतं हे एकदम पटतं.

गाडी-ड्रायव्हर घ्यायचा तो या आठ वाजून दहा मिनिटांसाठी. गाडी दाराशी आहे म्हणून दिवसात चार ठिकाणं उरकायची, हीच चूक बहुतेक जण करतात. पहिल्या खेपेला मीही केली: अथेन्सहून एका दिवसात कॉरिंथ, मायसिनी, नाफ्प्लिओ, एपिडॉरस आणि रात्री परत. दुसऱ्यांदा आई, सासूबाई, नवरा आणि दोन मुलं बरोबर होती, आणि तोच भाग पाच दिवसांच्या सहलीत पाहिला. हा लेख त्या दुसऱ्या बेतावर आहे.

आधी ठरवा: तुम्हाला हे हवं का?

दोघंच असाल, उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय असेल, तर भाड्याची गाडी स्वतः चालवा. त्यासाठी इथूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा लागतो. एकटे असाल तर केटेल नावाच्या बसगाड्या जवळपास सगळीकडे जातात. पण चार ते सात माणसं, त्यांत कोणाचे तरी गुडघे दुखणारे, आणि हातात पाच-सहा दिवस असतील तर ड्रायव्हरसकट व्हॅन घेणं परवडतं. भाडं माणशी नसतं, गाडीचं असतं. दोघांना जे महाग पडतं ते सहा जणांत विभागलं की बसच्या सहलीच्या जवळ येतं.

एक पैसे वाचवणारी गोष्ट: अथेन्समध्ये गाडी लागत नाही. अक्रोपोलिस, अगोरा (प्राचीन बाजार), संग्रहालयं सगळं मेट्रोनं आणि पायी होतं. अथेन्स सोडायच्या दिवशी सकाळी गाडी सुरू करा आणि परत आल्यावर संपवा.

महिना

शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याला मे किंवा दिवाळी सुचते. मे उत्तम. अवशेषांच्या दगडांमधून तांबडी खसखशीची फुलं उगवलेली असतात आणि उन्हाळी वेळापत्रकाप्रमाणे मोठी स्थळं सकाळी ८ ते रात्री ८ उघडी असतात. जुलै-ऑगस्ट टाळा. उष्णतेची लाट आली की अक्रोपोलिससारखी स्थळं भर दुपारी काही तास बंद करतात, आणि डेल्फीचा चढ त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना झेपणारा नाही.

दिवाळीत जाणार असाल तर तारीख नीट बघा. १ नोव्हेंबरपासून हिवाळी वेळा लागू होतात आणि बरीच स्थळं दुपारी तीन-साडेतीनलाच बंद होतात. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर चांगलं, नोव्हेंबरात असेल तर दिवसाला एकच मोठं स्थळ धरा.

सुट्ट्याही आधी तपासा. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर, आणि त्यांच्या ईस्टरचा रविवार या दिवशी स्थळं बंद असतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरावरच्या ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळ्या रविवारी येतो. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे, म्हणजे १ मे आणि ईस्टर लागोपाठ. त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रस्ता आणि मुक्काम

नियम एकच: ज्या मोठ्या स्थळाला सकाळी आठला पोहोचायचं, त्याच्या अर्ध्या तासाच्या आत आदल्या रात्रीचा मुक्काम. बाकी सगळा बेत त्यावरून आपोआप बसतो.

पहिला दिवस अथेन्स ते नाफ्प्लिओ. वाटेत कॉरिंथचा कालवा लागतो. १८९३ मध्ये खुला झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब, तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद. जुन्या पुलावर उभं राहून खाली बघायचं, पंधरा मिनिटं पुरेत. प्राचीन कॉरिंथला मात्र दोन तास द्या. अपोलोच्या देवळाचे सात खांब अजून उभे आहेत. त्यांच्या भोवतीचं बहुतेक शहर रोमन आहे, कारण इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ग्रीक कॉरिंथ उद्ध्वस्त केलं आणि शंभर वर्षांनी स्वतःच पुन्हा वसवलं. हे माहीत नसेल तर आपण ग्रीक समजून रोमन दुकानांचे फोटो काढत बसतो.

नाफ्प्लिओत दोन रात्री राहा. समुद्रकाठचं गोड गाव आहे, १८२९ ते १८३४ या काळात ग्रीसची राजधानी होतं. जुन्या गावात गाडी आत जात नाही, म्हणून हॉटेल घेताना गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती पायऱ्या आहेत हे विचारून घ्या. आमच्या पहिल्या हॉटेलच्या दारापर्यंत बॅगा घेऊन साठ पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि आईनं त्या मोजल्या होत्या.

दुसरा दिवस सकाळी मायसिनी. सिंहद्वारातून आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला गोल कुंपण दिसतं. १८७६ मध्ये हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकाराला तिथल्या थडग्यांत सोन्याचे मुखवटे सापडले. चढ आहे, पण ज्यांना वर जायचं नाही त्यांचंही काम इथवर आलं की होतं. निघताना त्याच तिकिटावर खाली रस्त्यालगतचा ‘अट्रियसचा खजिना’ बघायला विसरू नका. नाव खजिना असलं तरी ते थडगं आहे: मधाच्या पोळ्यासारखा निमुळता होत गेलेला, तेरा मीटरहून उंच दगडी घुमट, चुना-मातीशिवाय रचलेला. दारावरच्या दगडाचं वजन सुमारे १२० टन सांगतात. आत उभं राहून टाळी वाजवा.

दुपारी परत नाफ्प्लिओला येऊन जेवा, झोपा. ग्रीसमध्येही दुपारची झोप सन्मानाची आहे, गावातली दुकानं त्या वेळी बंद असतात. पाच वाजता एपिडॉरसला निघा. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. सगळे लोक सकाळी जातात, बस चारपर्यंत निघून गेलेल्या असतात. इ.स.पू. चौथ्या शतकातलं ते नाट्यगृह, ५५ ओळी, चौदा हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं. संध्याकाळच्या उन्हात सासूबाई मधल्या गोल दगडावर उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात ‘शुभं करोति’ म्हणाल्या. मुलगा अर्ध्या चढावर बसला होता, त्याला शब्द न् शब्द कळत होता. तिथं ओरडू नका, रखवालदार थांबवतात. शेजारीच अस्क्लेपिओसचं देवस्थान आहे. रोगी तिथे येऊन रात्री झोपायचे, देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल या श्रद्धेनं. नाट्यगृह बघून लोक तिथूनच परत फिरतात, पण हे सगळं ज्या देवासाठी उभं राहिलं त्याची जागा न बघता जाणं बरोबर नाही. जुलै-ऑगस्टात शुक्रवारी-शनिवारी रात्री इथे प्राचीन नाटकं होतात. तुमचे दिवस जुळले तर तिकीट आधी काढा.

तिसरा दिवस माझा सगळ्यांत आवडता, आणि बहुतेक तयार सहलींमध्ये तो नसतोच. नाफ्प्लिओहून ऑलिंपियाला थेट जाण्याऐवजी दक्षिणेला मेसीनीवरून जा. नाव मायसिनीसारखं असलं तरी जागा अगदी वेगळी. दोन तास मेसीनीपर्यंत, तिथून दोन तास ऑलिंपिया. इ.स.पू. ३६९ मध्ये थीब्जच्या एपामिनोंडास या सेनापतीनं स्पार्टाच्या तावडीतून सुटलेल्या लोकांसाठी हे शहर वसवलं. नाट्यगृह, बाजार, देवळं, खांबांच्या रांगांनी वेढलेलं क्रीडांगण, भोवती नऊ किलोमीटरची तटबंदी. ग्रीसमध्ये एक पूर्ण शहर डोळ्यांपुढे उभं राहतं ते इथे. आम्ही दोन तासांत अकरा पर्यटक मोजले. ड्रायव्हरला मावरोमाती गाव सांगा, अवशेष त्याच्या खालच्या अंगाला आहेत. शिवाय वरच्या अर्केडियन दरवाज्यापाशी गाडी थांबवायला सांगा, रस्ता त्यातूनच जातो.

चौथा दिवस सकाळी ऑलिंपिया. सपाट, झाडांची सावली असलेली जागा, म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांत सोपी. परंपरेनं इ.स.पू. ७७६ पासून खेळ मोजतात. झ्यूसच्या देवळाचे खांब इ.स.च्या सहाव्या शतकातल्या भूकंपात पडले, ते आजही कापलेल्या मुळ्याच्या चकत्यांसारखे एकावर एक कलंडलेले दिसतात. क्रीडांगणात धावपट्टीच्या सुरुवातीची दगडी रेघ शाबूत आहे. अंतर १९२ मीटर, मुलांना धावू द्या. संग्रहालयात एक साधा काळा पेला शोधा, तळाशी ‘मी फिडियसचा’ असं कोरलेला. झ्यूसची ती प्रचंड मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकाराच्या कामशाळेत तो सापडला.

दुपारी डेल्फीकडे निघायचं, साडेतीन-चार तास. वाटेत रिओ-अँटिरिओचा पूल लागतो, २००४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेला, २,८८० मीटर लांब. टोल भरपूर आहे, तो भाड्यात धरलेला असावा. पलीकडे नाफ्पाक्तोसच्या छोट्या बंदरात कॉफीला थांबा.

पाचवा दिवस डेल्फी, जिथे लोक अपोलो देवाला कौल लावायला यायचे. मुक्काम डेल्फी गावातच करा, तिथून अवशेष चालत दहा-पंधरा मिनिटांवर. जागा पर्नासस पर्वताच्या उतारावर आहे आणि सगळी वाट चढाची. आईला आम्ही अपोलोच्या देवळापर्यंत नेलं आणि तिथेच बसवलं. वरचं नाट्यगृह, त्याच्याही वरचं क्रीडांगण आम्ही बघून आलो. देवळाच्या पायाशी वेड्यावाकड्या दगडांची जी भिंत आहे, तिच्यावर नाक टेकवून बघा: बारीक अक्षरं आहेत. गुलामांना मुक्त केल्याचे शेकडो लेख आहेत ते, देवाला साक्षी ठेवून कोरलेले. संग्रहालयात ब्राँझचा सारथी आहे. रथ गेला, घोडे गेले, हातात लगाम राहिला आहे आणि तांब्याच्या पापण्या अजून जागच्या जागी आहेत. दुपारी निघून अडीच तासांत अथेन्स.

दोन दिवस जास्त असतील तर डेल्फीहून थर्मोपिलेवरून मेटिओराला जा. ती मध्ययुगीन मठांची जागा आहे, प्राचीन ग्रीसची नव्हे, पण उभ्या सुळक्यांवरचे ते सहा मठ बघण्यासारखेच आहेत. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा असतो. पायऱ्या नको असतील तर सेंट स्टीफनचा मठ घ्या, तिथे लहानशा पुलावरून आत जाता येतं. बायकांना स्कर्ट किंवा घेरदार कपडे लागतात, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला गुंडाळली की काम झालं. परत अथेन्सला चार तासांहून जास्त लागतात, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे

पहिल्या खेपेला मला ठेच लागली ती इथे. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांच्या कागदावर लिहिलं होतं की ड्रायव्हर इंग्रजी बोलतो आणि त्याला इतिहासाची उत्तम जाण आहे. मी गृहीत धरलं की तो आत येणार. मायसिनीच्या फाटकाशी त्यानं नम्रपणे सांगितलं, ‘मी इथेच थांबतो.’ ग्रीसमध्ये स्थळांच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाइडला आहे. ड्रायव्हर गाडीत हवं तेवढं बोलेल, फाटकाच्या आत नाही. तो कायदा पाळत होता, चूक माझी विचारून न घेण्याची होती.

म्हणून गाइड वेगळा ठरवा. पाचही दिवस बरोबर नेला तर त्याची खोली आणि जेवणही तुमच्यावर येतं, आणि गाडीत एक जागा जाते. मला सोयीचं वाटलं ते असं: मायसिनी आणि डेल्फी या दोनच ठिकाणी दोन-दोन तासांसाठी स्थानिक गाइड घेतला, बाकीकडे घरून वाचून गेलो. या दोन जागा समजावून दिल्याशिवाय नुसता दगडांचा ढीग वाटतात. ऑलिंपिया आणि मेसीनी पाट्या वाचत कळतात.

भाव मागताना

दोन-तीन ठिकाणी लिहा, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारा:

- इंधन, टोल, पार्किंग आणि कर धरून एकच रक्कम सांगा. यात ड्रायव्हरची रात्रीची खोली आणि जेवण आलं का?
- दिवसाचे तास किती, आणि त्याच्या पुढे ताशी किती?
- गाडी कोणती, आणि सहा माणसांबरोबर सहा मोठ्या बॅगा मावतील का? माणसांच्या जागा असतात, बॅगांच्या नसतात, हे बघून घ्या.
- रद्द केलं तर किती परत, कोणत्या तारखेपर्यंत?
- ग्रीक पर्यटन खात्याचा परवाना क्रमांक काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो टाळतो त्याला सोडून द्या. आणि स्वतःचा बेत तारीख-वेळेसकट लिहून पाठवा, ‘सकाळी ८ वाजता फाटकाशी’ हे शब्द त्यात असू द्या. नाहीतर ते नेहमीचा साडेनऊचा बेत धरतात.

व्हिसा, तिकिटं

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. व्हिसा मिळेपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या, आणि गाडीच्या बुकिंगचं पत्र दिवसवार बेतासकट अर्जाला जोडा.

स्थळांची तिकिटं सरकारी संकेतस्थळावर काढा. अक्रोपोलिसला ठरावीक वेळेचंच तिकीट मिळतं आणि ती वेळ चुकवून चालत नाही, म्हणून ते सगळ्यांत आधी. बाकी ठिकाणी आठला पोहोचलात तर खिडकीवरही लगेच मिळतं.

निघण्यापूर्वी

मुलांना गोष्टी सांगा: मायसिनीचा राजा अगामेम्नॉन, डेल्फीत देवाचा कौल सांगणारी पुजारीण पायथिया, हर्क्युलिस. आणि जमलं तर आपल्याच भागात दोन ठिकाणी जाऊन या. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावं कोरलेली आहेत; त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. अथेन्सजवळ सुनिओनला त्याच पोसायडनचं देऊळ समुद्रावर उभं आहे. मूर्ती आधी बघितलेली असेल तर ते देऊळ परकं वाटत नाही.

बूट पकड असलेले घ्या. हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला संगमरवर कोरड्या दिवसातही घसरतो. संग्रहालयात मूर्तीसारखं उभं राहून फोटो काढू नका, रखवालदार खरोखर रागावतात.

शाकाहारी लोकांनी काळजी करू नये. ‘निस्तिसिमो’ हा एक शब्द शिका: म्हणजे त्यांच्या उपवासाचं, मांस-अंडी-दूध नसलेलं. त्यात कोळंबी-कालवं चालतात, तेवढं विचारून घ्या. फासोलाडा म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ, होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू-तेल घालून, गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो, पण त्यात कधी खिमा असतो. आणि ‘ने’ म्हणजे होय. ‘यात मांस आहे?’ असं सासूबाईंनी विचारलं, वाढणारी बाई हसून ‘ने, ने’ म्हणाली, आणि सासूबाईंनी नाही समजून ताट पुढे ओढलं. नशिबानं मी शेजारी होते. नाहीला ‘ओखी’ म्हणतात.

परत अथेन्सला

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. मंगळवारी ते दुपारी उघडतं, तो वार असेल तर सकाळी दुसरं काही करा. मायसिनीचं बहुतेक सोनं इथे आहे, तिथल्या संग्रहालयात प्रतिकृती आहेत. आधी बघितलं तर ते नुसतं सोनं असतं. आम्ही सहाव्या दिवशी गेलो. आई गुडघा धरत मायसिनीच्या दालनात शिरली, ज्याला अगामेम्नॉनचा म्हणतात त्या मुखवट्यासमोर उभी राहिली, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाली, ‘अगं, हा त्या उजव्या हाताच्या गोल कुंपणातला ना?’